एका भावकीची एक सुई

आमच्या गोळ्यांच्या सेंटरमधल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "तुमचा अनुभव लिहून काढा. कॉलेजच्या मुलांना वाचायला देऊ. भाषा सोपी ठेवा आणि जरा प्रेमाने लिहा." सोपी भाषा जमेल. प्रेमाचं काही सांगता येत नाही. या वयाच्या पोरांचं एचआयव्हीबद्दलचं ज्ञान मी गेली कित्येक वर्षं अगदी जवळून ऐकतोय, आणि ऐकून प्रेम यावं असं त्यात काही सापडलेलं नाही.

मी नवी मुंबईतल्या करावे गावचा. वय अठ्ठेचाळीस. महापेला एका कंपनीत मशीनवर आहे. पहिली पाळी करून तीनला सुटतो आणि संध्याकाळी गावच्या मैदानात पोरांना कबड्डी शिकवतो. शिकवत होतो, असं म्हणायला हवं. ते पुढे येईलच. गावात मला दादूस म्हणतात. खरं नाव लिहीत नाही आणि बाकीच्यांची नावंही बदलली आहेत. मला एचआयव्ही आहे हे कळून चौदा वर्षं झाली.

आता हे वाचल्या वाचल्या तुमच्या डोक्यात पहिला प्रश्न आला असेल, की कसा झाला. मला माहीत आहे, सगळ्यांच्या डोक्यात तोच येतो. कावीळ झालेल्या माणसाला कोणी विचारत नाही की कुठलं पाणी प्यायलास आणि कोणाबरोबर बसून प्यायलास. मी सांगणार नाही. कळून तुमचा काही फायदा नाही. उलट कळलं की तुम्ही लगेच निकाल लावणार, याला झाला ते बरंच झालं, किंवा बिचाऱ्याला उगाच झाला. त्या निकालाची मला गरज नाही.

स्टीलचा डबा

मला कळलं ते रक्तदानामुळे. मंडळाने शिबिर ठेवलं होतं आणि रक्त देणाऱ्याला स्टीलचा डबा मिळत होता. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, आसपासच्या गावांत नाव असलेला चढाईपटू. रक्त देण्याआधी दंडाची बेटकुळी काढून फोटो काढून घेणारा. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, एकदा येऊन जा, परत तपासायचं आहे. मला वाटलं माझा रक्तगट दुर्मीळ निघाला. खरंच सांगतो. रंजनाला, माझ्या बायकोला, मी बोललोसुद्धा की बहुतेक कोणा मोठ्या माणसाला माझं रक्त चढवायचं असेल.

रक्तपेढीने चिठ्ठी देऊन सरकारी हॉस्पिटलला पाठवलं. तिथे एका छोट्या खोलीत माझ्यापेक्षा लहान वयाचा समुपदेशक बसला होता. त्याने विचारलं, "एचआयव्हीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" मी म्हणालो, सगळी आहे. माझी सगळी माहिती म्हणजे शाळेतला एक धडा. तो धडा आला तेव्हा सर म्हणाले होते, हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही. आम्ही पोरांनी तो घरी चार वेळा वाचला आणि आम्हाला हवं ते त्यात काहीच सापडलं नाही म्हणून वैतागलो. बाकीचं शिक्षण मित्रांकडून झालं, म्हणजे ज्यांनी तोच धडा वाचला होता त्यांच्याकडून. तेवढ्यावर मी मोठा झालो, कंपनीत लागलो आणि लग्नही केलं.

समुपदेशकाने रिपोर्ट सांगितला. मी त्याला विचारलं, "दिवाळीपर्यंत टिकेन का?" तो हसला. मग लगेच सॉरी म्हणाला आणि म्हणाला, "गोळ्या नीट घेतल्यात तर म्हातारे व्हाल. गुडघेदुखीचं टेन्शन घ्या." त्या दिवशी मला तो माणूस निर्दय वाटला. आज वाटतं, त्या आख्ख्या दिवसात माझ्याशी धड वागलेला तो एकटाच होता, कारण मी स्वतःशीही धड वागत नव्हतो. घरी जायच्या ऐवजी मी खाडीच्या बांधावर जाऊन बसलो आणि माझ्या अंत्ययात्रेला कोण कोण येईल याची मनात यादी केली. यादी चांगली लांब झाली होती.

दुपारी घरी आलो. रंजना बोंबील साफ करत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि एकच विचारलं, "मना पन झालाय काय?" तिला झालेला नव्हता. तो रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी ती उरणला माहेरी निघून गेली. चार महिने तिने फोन उचलला नाही. मी तिला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. त्या सगळ्या मलाच लागू होत्या हे कळायला मला चार महिने पुरले नाहीत.

ती परत आली ती एका अटीवर. हे कोणाला कळता कामा नये आणि माझ्या मोठ्या भावाला तर नाहीच. आमचा भाऊ म्हणजे गावातली चालतीबोलती दवंडी. मी कबूल झालो. चौदा वर्षं आम्ही दोघांनी ते पाळलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे आम्हाला मुलगीही झाली. ती आता नऊ वर्षांची आहे, तिलाही काही नाही आणि रंजनालाही नाही. ज्यांना हे अशक्य वाटतंय त्यांनी आपलं ज्ञान कोणत्या सालातलं आहे ते तपासावं.

दुखणारे दात

गोळ्यांचं सेंटर त्याच सरकारी हॉस्पिटलात. तिथे महिन्यातून एकदा जायचं. नंबर लावायचा, वजन करायचं, मागच्या किती गोळ्या उरल्या ते मोजून दाखवायचं, पुढच्या घ्यायच्या. रांगेतल्या अर्ध्या बायका स्कार्फमध्ये आणि अर्धे पुरुष रुमालात. ओळखीचं कोणी दिसलं की माणसं खांबामागे जातात. मला एकदा तिथे आमच्याच गावचा बँडवाला भेटला. मी म्हणालो, "काय रं इकडं?" तो म्हणाला, "दात दुखतोय." मी म्हणालो, "माझा पन." दातांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. आम्हा दोघांचे दात नऊ वर्षं दुखतायत.

सुरुवातीच्या गोळ्यांनी डोकं गरगरायचं. सकाळी उठलो की भरतीच्या वेळी होडीत उभं राहिल्यासारखं वाटायचं आणि स्वप्नं अशी पडायची की झोपायचीच भीती वाटे. ते दोनेक महिन्यांत गेलं. भीती गेली नाही. दाढी करताना कापलं की मी बेसिन तीन वेळा धुवायचो. दोन वर्षं मैदानात पाय ठेवला नाही, का तर माझा गुडघा फुटला आणि दुसऱ्याला लागला तर. शेवटी डॉक्टर बाई वैतागल्या. "तुमच्या रक्तात व्हायरस आता मशीनलाही सापडत नाहीये, तुम्ही कोणाला काय देणार आहात? जा, खेळा," म्हणाल्या. खेळायचं वय गेलं होतं म्हणून शिकवायला लागलो.

गोळ्या देणाऱ्या खिडकीत एक ताई बसायच्या. कंपनीच्या बसमध्ये बॅगेतली बाटली खुळखुळते आणि शेजारचा विचारतो, हे मी त्यांना सहज बोललो होतो. पुढच्या महिन्यापासून त्या बाटलीत वर कापूस दाबून द्यायला लागल्या. त्यांची बदली झाल्यावर मी स्वतः कापूस घालायला लागलो.

ओंकार, जयेश आणि माझा पुतण्या

आता आजच्या पोरांकडे येतो. माझ्या वेळी माहिती नव्हती म्हणून मी गाढव होतो. यांच्या खिशात चोवीस तास फोन आहे, सगळ्या जगातली माहिती आहे, आणि ती न वाचण्यासाठी हे केवढे कष्ट घेतात ते बघितलं की थक्क व्हायला होतं.

माझ्याकडे कुमार गटाची टीम होती. त्यात तिघं आमच्या भावकीतले. माझा सख्खा पुतण्या साहिल, चुलत घरातला ओंकार आणि त्याच्या शेजारचा जयेश. साहिल सतरा पूर्ण, बाकीचे दोघे अठरा. गेल्या डिसेंबरात ओंकार कॉलेजच्या एड्सच्या रॅलीत होता. टी-शर्ट मिळाला, लाल रिबन मिळाली, पाच किलोमीटर घोषणा दिल्या. संध्याकाळी तो टी-शर्ट घालून मैदानात आला. मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाला, "शिकवला नाय काय, फक्त चालवला." मग मात्र स्वतःहून शिकवायला लागला. "दादूस, ज्याला हाय तो बघितल्यावर कलतो. गाल बसतात, डोले आत जातात." मी त्या वेळी त्याला मांडीची पकड शिकवत होतो. त्याचा पाय माझ्या दोन्ही हातांत होता आणि तो सोडवायला त्याला जमत नव्हतं.

जयेशचं म्हणणं, चांगल्या घरातल्या मुलीकडून होत नाही. चांगलं घर कुठलं रे? तर ओळखीतलं. साहिल सिनेमाला गेला की खुर्चीवर बसण्याआधी फोनची बॅटरी लावून सीट तपासतो, कारण त्याला मेसेज आला होता की सीटमध्ये एड्सवाल्या सुया खोचून ठेवतात. तो मेसेज त्याने घरच्या ग्रुपवर टाकला, वहिनीने महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो माझ्याकडे आला. मी वाचला आणि गप्प बसलो. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो, हे मी इथे लिहून ठेवतोय. पोरांना मूर्ख म्हणायचं तर हेही लिहायलाच हवं.

आर्यनची तक्रार

टीममध्ये एक खारघरचा पोरगा होता, आर्यन. आईवडील दोघेही नोकरीवाले, मूळचे साताऱ्याकडचे, राहणार एकोणिसाव्या मजल्यावर. खेळायला चपळ होता, पण बाहेरचा. एकदा सरावानंतर तो मागे रेंगाळला. तोंड पाडून म्हणाला, "सर, एक बोलू? हे लोक मला त्यांच्यात घेत नाहीत."

"कशात घेत नाहीत?"

"मॅचच्या आधी ते इंजेक्शन घेतात, स्टॅमिनासाठी. त्या तिघांची एकच सुई असते. मला म्हणतात, तू तुझी आण. मी पण टीममध्येच आहे ना, सर?"

दुसऱ्याची सुई आपल्याला टोचू देत नाहीत म्हणून एक बारावी सायन्सचा मुलगा माझ्याकडे अन्यायाची तक्रार घेऊन आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या रविवारी आमची मॅच होती. संध्याकाळी पाचला मी मैदानातल्या स्टेजच्या मागच्या खोलीचं दार उघडलं. मॅट आणि खुर्च्या ठेवायची खोली. तिघं दंडावरच्या बाह्या वर करून बसले होते. जयेशचं झालं होतं, साहिलचं झालं होतं, ओंकार सिरिंज कापसाने पुसत होता.

"काय चाललंय?"

"काय नाय दादूस, दमाचा इंजेक्शन हाय. जिमवाला देतो. चढाईला दम पुरतो." ओंकार जराही दचकला नाही.

"कधीपासून?"

"महिना झाला असंल."

"सुया किती?"

"येकच. पन स्पिरिटनं पुसतो ना. आमाला काय कलत नाय काय?"

"आणि आर्यनला वेगळी का?"

या प्रश्नावर ओंकारने माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. एवढी साधी गोष्ट या माणसाला समजावून सांगावी लागते, असा चेहरा. म्हणाला, "तो बाहेरचा हाय. त्याचा काय भरवसा? आमी तिघं येकाच भावकीतले. आपला रगत येकच हाय. भावकीत कसला रोग?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमची भावकी म्हणजे एका मूळ पुरुषापासून वाढलेली अकरा घरं. एकाकडे मयत झालं की अकरा घरांना सुतक. एकाच्या लग्नाची हळद अकरा घरांत पाठवायची. गावदेवीचा मान एकत्र. आता पोरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. सुतक एक म्हणून रक्त एक, आणि रक्त एक म्हणून सुई एक. आणि जो बाहेरचा, अपमान म्हणून ज्याला बाजूला काढला, त्या आर्यनलाच फक्त कोरी सुई मिळत होती.

मी सांगितलं, उद्या तिघांनी माझ्याबरोबर तपासायला यायचं. ते हसले. जयेश म्हणाला, "दादूस, आमी काय तसले हाव काय?" मी ओरडलो. साहिल म्हणाला, "काका, उगाच कनाला टेन्शन घेता?" आणि ओंकारने शांतपणे विचारलं, "आपल्या भावकीत आजपरत कोनाला झालाय? येक नाव सांगा. येक."

त्याचं बरोबर होतं. एकही नाव नव्हतं. मी आणि रंजनाने चौदा वर्षं जपून ठेवलेल्या गुपितावर हा पोरगा निर्धास्त बसला होता. हातात सुई घेऊन. रंजनाला दिलेला शब्द आठवला, मुलीची शाळा आठवली, भाऊ आठवला. समोर साहिलच्या दंडावर कापसाचा बोळा अजून तसाच चिकटलेला होता.

"मना झालाय," मी म्हणालो. "चौदा वर्सं झाली."

साहिल एकदम माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बघायला लागला. पांढराफटक झाला होता. म्हणाला, "काका, मी मगाशी तुमच्या बाटलीतला पानी प्यायलो."

ओंकारच्या हातात ती सुई तशीच होती. दोघांच्या रक्तात फिरून आलेली. आणि तिघंही माझ्या बाटलीकडे बघत होते. आयुष्यात मला माणसांचा एवढा राग कधी आला नव्हता. मी सुई काढून घेतली, मॅच रद्द झाल्याचं बाहेर जाऊन सांगितलं आणि घरी गेलो.

सही

रंजनाला सांगितलं तेव्हा ती भांडेल असं वाटलं होतं. तिने चपला पायात घातल्या. मग म्हणाली, "साहिल अठराचा नाय अजून. आईबापाची सही लागंल ना? तुमी नका जाव. मी जातंय." आणि ती सरळ माझ्या भावाच्या घरी गेली. तिनेच घातलेली अट तिनेच त्या घराच्या उंबऱ्यावर मोडली. तिच्याबद्दल मी चौदा वर्षांत जे जे वाईट बोललो असेन, ते या ओळीत सगळं मागे घेतो.

भाऊ अर्ध्या तासाने आला. पोरगा इंजेक्शन घेतो, एकच सुई तिघं वापरतात, यावर एक शब्द नाही. त्याला एकच काळजी. "आता भावकीतल्या पोरींची लग्ना कशी जमायची? कोनाच्या तोंडाला तोंड देव आमी?" मी म्हणालो, आधी तुझ्या पोराची तपासणी कर, मग पोरींची लग्नं बघ. तो म्हणाला, सही करणार नाही. सही वहिनीने केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहिलला हाताला धरून हॉस्पिटलच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, पण उभी होती. ओंकार आणि जयेशला मी पोलिसांत जायची धमकी देऊन आणलं.

तिघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. मला एवढं हलकं वाटलं की मी जिन्यावरच बसलो. आणि वरून ओंकार उतरत आला, दात काढत. "बघा दादूस, बोललो नव्हतो? भावकीचा रगत हाय."

मॅडमनी आत त्यांना नीट समजावलं होतं. रक्तात शिरल्यावर काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, तोवर सुई बंद. शिवाय पुन्हा कधी अशी चूक झाली तर तीन दिवस संपायच्या आत यायचं, लागल्यास गोळ्या देता येतात. हे सगळं तिघांनी ऐकलं, मान हलवली आणि त्यातलं फक्त निगेटिव्ह एवढं घरी नेलं. संध्याकाळी जयेशच्या घरून पेढे वाटले. माझ्याकडे आले नाहीत. ज्या आर्यनला तपासणीची सगळ्यात कमी गरज होती, तो मात्र आईला घेऊन गेला आणि तपासून आला. त्याचा मेसेज आला, "सर, डन. थँक यू." त्याला मी मूर्ख समजत होतो.

आठवड्याने मंडळाचे अध्यक्ष घरी आले, चहा घेतला नाही. "तसा कोनाचा काय बोलना नाय. पन पोरांच्या आया घाबरल्यात. तू शिकव की, बाहेर खुर्चीवर बसून सांग. फक्त पोरांना हात नको लावू." हात न लावता कबड्डी. मी त्यांना विचारलं, जिमवाल्याला कोणी काही बोललं का? ते म्हणाले, तो विषय वेगळा आहे. मी मागच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

बाक

तीन महिन्यांनंतरची तारीख मी तिघांना कागदावर लिहून दिली होती. तिघांच्याही घरच्यांनी त्यांना माझ्याशी बोलायला बंदी केली होती. मी त्या दिवशी रजा टाकली, माझ्या गोळ्या घ्यायला म्हणून गेलो आणि तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. रांग पुढे सरकत होती आणि मी त्या तिघांना मनात शिव्या घालत होतो. खरं तर मी घाबरलो होतो. त्यांच्यातल्या कोणाला खरंच असेल, तर तो इथे येणार नाही, वर्षभराने कुठल्या तरी वॉर्डात सापडेल, हे मला दिसत होतं.

साडेदहाला साहिल आला. एकटा. रुमाल डोळ्यांपर्यंत बांधलेला. माझ्यापासून लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

मी म्हणालो, "आईने पाठवला?"

"आईला म्हाईत नाय. आता अठरा झाले मना. माझी सही मीच करनार."

"ओंकार, जयेश?"

"ओंकार बोलतो येकदा निगेटिव्ह आला ना, परत कनाला. जयेशची आई सोडत नाय. बोलते, तिकडं कोनी बघितला तर लोक काय समजतील."

त्याचा नंबर आला. मॅडमनी दार अर्धं उघडं ठेवूनच कागद भरायला घेतला आणि सहज विचारलं, "तपासणीला यायचं कोणी सुचवलं?" मी खाली मान घातली. पोरगा आता काहीतरी थाप मारेल आणि मला ती ऐकावी लागेल, असं वाटलं.

"माझ्या काकांनी," साहिल म्हणाला. "त्यांना हाय एचआयव्ही. ते बघा, बाहेर बसलेत."

मोठ्याने बोलला. मैदानात पोरं एकमेकांना हाक मारतात तेवढ्या मोठ्याने. रांगेतले सगळे स्कार्फ आणि सगळे रुमाल माझ्याकडे वळले. चौदा वर्षांत आमच्या घरातल्या एकाही माणसाने तो शब्द माझ्या नावाला जोडून उच्चारला नव्हता. भाऊ त्याला "ते" म्हणतो, रंजना "तुमचा" म्हणते. या पोराने पत्ता सांगावा तसा सांगून टाकला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला आणि रुमाल खिशात कोंबला. म्हणाला, "काका, भूक लागली." आम्ही हॉस्पिटलसमोर वडापाव खाल्ला. त्याने माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं नाही, स्वतःची विकत घेतली. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

आता मॅडमनी सांगितलंय की शेवटी मुलांना संदेश द्या. सगळ्या मुलांसाठी माझ्याकडे संदेश नाही. दोघांसाठी आहे.

ओंकार, जयेश. नावं बदलली असली तरी तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. तुमची तारीख उलटून एकोणीस दिवस झाले. साहिल निगेटिव्ह म्हणून तुम्हीही निगेटिव्ह, असं नसतं. तुमचं रक्त तुमचं आहे, भावकीचं नाही. रविवार सोडून रोज सकाळी सेंटर उघडं असतं. आईची सही लागत नाही, कोणी घरी कळवत नाही. आणि असलंच काही, तर गोळी आहे. ती घेऊन माणूस माझ्यासारखा अठ्ठेचाळीसचा होतो, पोरगी वाढवतो आणि तुमच्यासारख्यांना शिव्या देतो. तुम्ही दोघं मला बिनडोक वाटता, आणि तुम्हाला हे तोंडावर सांगायची मला फार इच्छा आहे. कंपनीत सांगून मी आता पहिली पाळी सोडून दुपारची घेतली आहे. सकाळी नऊ ते बारा मी त्या बाकावर बसलेला असतो. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. लांब बसा. तोंडाला रुमाल बांधा. पण या.